तिसरा कागद

आमच्या पाकिटातून तीन कागद निघाले. दोनच निघायला हवे होते. शनिवारची सकाळ होती, जूनचे शेवटचे दिवस. गल्लीतल्या अकरा घरांची पाकिटं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून मी बसले होते, कारण यंदा गल्लीची पाळी आमच्या घरावर होती. देवळातून कागदाची माणसं येतात. पांढऱ्या कागदातून कापलेलं डोकं, दोन बाह्या, खाली झग्यासारखं अंग. त्यावर आपलं नाव आणि वय लिहायचं, जिथं दुखतं तिथं कागद फिरवायचा, तीनदा फुंकर मारायची आणि पाकीट बंद करायचं. सहा महिन्यांत अंगाला, मनाला जे काही चिकटलं असेल ते त्या माणसात उतरतं आणि तीस तारखेला देऊळ त्याला नदीत सोडून देतं. चोवीस वर्षं मी हे करत आले आहे. पाळी आली की एवढंच काम, सगळ्या घरांचे कागद मोजायचे आणि खोक्याच्या झाकणावर आकडा लिहायचा. गल्लीत माणसं एकोणतीस. कागद भरले तीस. मी तीनदा मोजले. तलावाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, एका थेंबाचा फरक मला रात्रभर झोपू देत नाही. म्हणून एकेक पाकीट पुन्हा उघडून नावं पडताळली आणि सगळ्यात शेवटी, संशय घेण्याजोगं नाही म्हणून मागे ठेवलेलं, आमचं पाकीट. सासूबाईंनीच ते चिकटवलं होतं. एक कागद माझा, इनागाकी शरयू, पन्नास. एक त्यांचा, इनागाकी फुसाए, शहाऐंशी. आणि तिसरा. इनागाकी तोमोहारू, पंचावन्न.

देवळात वय एकानं वाढवून लिहितात, पोटातलं वर्षही धरायचं असतं. चोपन्न आणि एक पंचावन्न. आकडा चुकलेला नव्हता, आणि तेवढ्यानंच माझ्या मानेवरून काहीतरी थंड सरकत गेलं. कारण सरकारी वहीत माझा नवरा पन्नासाव्या वर्षी मेलेला आहे. अकरा वर्षांपूर्वी तो घरातून गेला आणि परत आला नाही. सात वर्षं माणूस सापडला नाही तर कोर्ट त्याला, ती सात वर्षं भरली त्या दिवशी मेलेला धरतं, तसं गेल्या शरदात कोर्टानं धरलं. अर्ज मीच केला होता. घर त्याच्या नावावर, छप्पर गळायला लागलेलं, सासूबाईंच्या दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर मुलाची सही मागत. आणि खरं सांगायचं तर मी थकले होते. परदेशात राहणाऱ्या बाईला नवरा असणं समजतं, नसणंही समजतं, पण ना असणं ना नसणं अशा अवस्थेत कुठल्या रकान्यात खूण करायची ते मला दहा वर्षांत कळलं नाही. अर्जाचं सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं.

मी कागद खिडकीशी धरला. फुंकर मारलेला कागद सुकला की छातीपाशी जरासा आकसतो. चोवीस वर्षांत हे मला पाठ झालं आहे, आणि ओला होऊन सुकलेला कागद ओळखणं हे तर माझं कामच. तो आकसलेला होता. माझ्या कागदापेक्षा जास्त. कुणीतरी त्यावर खोल, सावकाश, तीनदा श्वास सोडला होता. अक्षर गुडघ्यावर कागद ठेवून लिहिल्यासारखं किंचित थरथरलेलं, पण नावातली शेवटची रेघ डावीकडे ओढून नेलेली. अशी रेघ तोच ओढायचा. त्याच्या आईचं अक्षर गोल, माझं तर शाळेतल्या पोरीसारखं. मी कागद नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. माणसाचा श्वास नाकात घेतल्यासारखं झालं.

पहिल्या वर्षी मी असाच कागद हातात घेऊन खुळ्यासारखी हसले होते. लग्न होऊन तीन महिने झालेले. सांगलीहून आले ती तलावातल्या शेवाळावर दोन वर्षं संशोधन करून परत जाईन म्हणून, आणि विद्यापीठाच्या सभागृहातला पियानो जुळवणारा, सुरांशिवाय फारसं न बोलणारा हा माणूस भेटला. तेव्हा सासूबाई माझ्यासमोर बसून म्हणाल्या होत्या, "तोंडानं फू करू नकोस गं, वाढदिवस आहे का? पोटातून सोड. हळू." मी सोडला, आणि तिसऱ्या वेळी खरोखर काहीतरी माझ्यातून निघून त्या कागदात गेल्यासारखं वाटलं, मला चक्कर आली. तोमोहारूनं माझा कागद घेऊन आपल्या कागदावर ठेवला, छातीवर छाती. मग तीस तारखेला देवळात रांगेत उभे असताना पुजाऱ्यानं तो आवाज काढला. तोवर मंत्र नाही, घंटा नाही, आणि अचानक त्याच्या पोटातून एकच लांब ओऽऽऽ. सुरुवात कळत नाही, चढत जातो, उतरतो, आणि अंगणातल्या सगळ्यांच्या माना एकदम खाली. देव उतरतो तेव्हा त्याच्याकडे पाहायचं नसतं. माझी मान कुणी दाबल्याशिवाय दबली. खाली फक्त खडे दिसत होते, माझे पाय, शेजारी त्याचे पाय, आणि आवाज खड्यांमधून वर येतोय असं वाटत होतं. तोमोहारू माझ्या कानाशी पुटपुटला, "हा सूर पियानोत नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत आहे." त्याचा चेहरा इतका आनंदी मी क्वचितच पाहिला. असा माणूस एका मंगळवारी गाडी घेऊन शाळेतले पियानो जुळवायला गेला, आणि गाडी सापडली माइझुरूच्या बंदरावर, हत्यारांची पेटी मागच्या सीटवर नीट बंद केलेली.

जाण्याआधीचं वर्ष मी पुन्हा पुन्हा उलगडून पाहिलं आहे. तो उत्तर द्यायचा बंद झाला होता. स्वयंपाकघरातून हाक मारावी, ओ नाही. जेवताना विचारावं, तो वाडग्याकडे बघत राहायचा. मला वाटलं कंटाळला, मग वाटलं दुसरी कुणी आहे, मग वाटलं माझ्या बोलण्यात अजून जे सांगलीचं हेल काढणं आहे ते त्याला सहन होईनासं झालंय. एकदा तो पाठमोरा बसून पियानोच्या हातोडीवरची लोकर विंचरत होता तेव्हा मी मागे उभं राहून मराठीत म्हटलं, "मी इथं मेले तरी तुला कळायचं नाही." लोकर विंचरत राहिला. त्या दिवसापासून मीही बोलायचं सोडलं. दोघं एका घरात आठ महिने गप्प. या देशात ते कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

सासूबाई मागच्या पडवीत उमेची फळं निवडत होत्या. जूनमध्ये पिवळी पडलेली ती आंबट फळं, बांबूच्या काडीनं देठाचं काळं बोंड उचकटायचं, पुसायचं, मिठात घालायचं. साऱ्या घरात त्यांचा गोड वास भरून राहिला होता. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

"आई, पाकिटात तीन निघाले."

"असू देत."

"तिसरा तोमोहारूचा आहे."

"मग त्याचाच असणार. शेजाऱ्याचा कशाला ठेवीन मी?"

"तुम्ही लिहिलात?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले, सांधे सुजून वाकडे झालेले. "या हातांनी असं अक्षर निघेल का?"

"मग कुणी लिहिलं?"

"ज्याचं नाव त्यानं." त्यांनी एक फळ फिरवून पाहिलं, डाग दिसला तसं बाजूला टाकलं. "फुंकर दुसऱ्याकडून मारून घेत नाहीत, हे काय तुला नव्यानं सांगायचं?"

"कधी?"

"गेल्या महिन्यात आला होता तेव्हा. देवळातून कागद आले की मी एक बाजूला काढून ठेवते. दर वर्षी."

मी पायरीवर बसले. कुठल्या तरी घरात कपडे धुण्याचं यंत्र गरगरत होतं. "मी कामावर असताना येतो?"

"तू घरी असताना कसा येईल?" त्या म्हणाल्या, लहान मुलाला साधी गोष्ट समजावतात तशा.

मागच्या महिन्यात त्यांनी चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. त्याच्या आधी एकदा मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारली होती. मी आवाज सांभाळून विचारलं, "आई, आज तारीख किती?"

"सत्तावीस. शनिवार. आणि मला वेडी ठरवायच्या आधी गॅसवरचं पाणी बघ. उकळून संपलं असेल."

खरंच संपलं होतं. भांडं करपलं होतं. ते घासताना मला घर वेगळं दिसायला लागलं. जिन्यावरचा दिवा. तो उंचावर आहे, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही, आणि अकरा वर्षांत मी तो एकदाही बदललेला नाही. दिवा कधी उडालाच नाही असं मी धरून चालले होते. न्हाणीघराच्या दाराचं चाक कुरकुरायचं, मग कुरकुरेनासं झालं. फळीवरचा जड मातीचा बुधला, ज्यात उमे मुरवतात, दर वर्षी खाली आलेला असायचा. सासूबाई काटक आहेत, शेजारचे कुबोता मदत करत असतील. मी कधी विचारलं नाही. मी सकाळी आठला जायची, सहाला यायची, आणि मधल्या दहा तासांचं घर माझ्या ओळखीचं नव्हतं. त्यात कुणीतरी माझ्या चपलांशेजारी चपला काढत होतं, माझ्या पेल्यातून चहा पीत होतं, कदाचित माझ्या उशीकडे बघत उभं राहत होतं. मी हात पुसले आणि लक्षात आलं, की ज्या फडक्यानं पुसले तेही त्यानं कधीतरी वापरलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी कुबोताबाई एक कागद घेऊन आल्या. गल्लीत सगळ्यात जास्त बोलणारी बाई. दारातच सुरू झाल्या, "इनागाकीबाई, आमच्या म्हाताऱ्याचा कागद बदलून द्यायचा आहे हो. कालचा मीच फुंकला होता. त्याला कळलं तर रुसून बसला, म्हणे माझी पापं तुझ्यात मिसळली. आज त्यानं स्वतः फुंकलाय. सिगारेटच्या धुराशिवाय काय निघालं असेल देव जाणे."

मी हसून कागद बदलला. त्या आत डोकावत म्हणाल्या, "सासूबाई पियानो शिकतात वाटतं?"

"पियानो?"

"गुरुवारी दुपारी वाजतो की. महिन्यातून एकदा तरी. शिकतात म्हणजे काय, एकच सूर. टण्, टण्, टण्, अर्धा अर्धा तास. मग दुसरा. आमचा म्हातारा म्हणतो, या वयात एक सूर आला तरी पुष्कळ झालं." माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्या घाईनं म्हणाल्या, "त्रास काही नाही हो. उगीच विचारलं."

त्या गेल्यावर मी पुढच्या खोलीत गेले. पियानोवर मी कापड टाकून ठेवलं होतं, त्यावर सासूबाईंच्या बाहुल्या. मला वाजवता येत नाही, पण बारा वर्षं मी सूर जुळवणाऱ्या माणसाबरोबर राहिले, कान तयार होतो. अकरा वर्षं हात न लागलेला पियानो कसा वाजेल हे मला माहीत होतं. तलावाकाठची ओल, प्रत्येक तार आपापल्या मनानं सुटलेली. कुठं बद्द, कुठं किरकिर. मी बाहुल्या जमिनीवर ठेवून कापड दूर केलं आणि मधली एक पट्टी दाबली. मग तिच्या वरची. मग एकेक करत टोकापर्यंत. एकही तार सुटलेली नव्हती. सगळ्या घट्ट होत्या, सगळ्या राखलेल्या होत्या, आणि सगळ्या चुकीच्या होत्या. प्रत्येक सूर त्याच्या जागेपासून थोडा सरकलेला, डावीकडून उजवीकडे जाताना ही चूक सावकाश वाढत गेलेली, इतक्या नेटकेपणानं की ती चूक आहे असं म्हणायला जीभ धजेना. जिथं सूर असतात तिथं एकही नव्हता. सगळे फटींमध्ये होते. मी हात मागे घेतला तरी शेवटचा सूर लाकडात बराच वेळ राहिला, आणि मग कळलं. हे ऐकून जुळवलेलं नव्हतं. बोटांनी, लाकडाला गाल लावून, थरथर मोजून जुळवलेलं होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"त्याला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"नाही."

"कधीपासून?"

"जाण्याआधी वर्षभर कमी होत गेलं. मग पूर्ण गेलं." त्या भिंतीचा आधार घेत खाली बसल्या. "शाळेतल्या बाईनं तक्रार केली, पियानो बिघडवून गेलात म्हणून. त्याच दिवशी गेला तो. माइझुरूला बर्फाच्या कारखान्यात आहे. तिथं यंत्रांच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही म्हणे. त्याचं बरं चाललंय."

"आणि मला सांगितलं नाहीत. अकरा वर्षं."

"त्यानं नको म्हटलं."

"तुम्हाला काय वाटलं?"

त्यांनी जमिनीवरची एक बाहुली उचलून मांडीवर घेतली. "मला वाटलं, तू त्याला शोधून काढशील. डॉक्टरकडे नेशील, कानाला यंत्र लावशील, रोज विचारशील आज किती ऐकू येतं. तू मोजणारी बाई. तो मोजला जाऊन मेला असता." मग, आवाज न बदलता, "आणि तूही मला सगळं सांगत नाहीस. कोर्टाचं पाकीट दारात मीच घेतलं होतं."

मी कापड पुन्हा पियानोवर ओढलं.

"त्यालाही सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "पाटीवर लिहून. तो हसला. म्हणाला, मग आता माझं वय वाढायचं थांबलं का? मी म्हटलं, देवळात वाढतं."

मी आठ महिने एका बहिऱ्या माणसावर रुसून बसले होते. मी मनात हे वाक्य जुळवून पाहत होते, पण ते कुठंच बसेना, कारण रागही आला होता. माझ्या पाठीमागे दोघांनी मिळून एक घर चालवलं होतं आणि त्या घरात मी फक्त रात्री झोपायला येणारी भाडेकरू होते. सोमवारी मी तो कागद दोनदा खोक्यातून काढला, दोनदा परत ठेवला. मेलेल्या माणसाचा कागद देवळात चालत नाही. काढून टाकला तर एकोणतीस, हिशेब जुळतो, कुणी विचारणार नाही. संध्याकाळी खोकं न्यायच्या वेळी मी झाकणावर तीस लिहिलं.

मंगळवारी मी अर्धी रजा घेतली. विधी तीनला. आभाळ खाली आलेलं, पाऊस नाही, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला लागत होती. देवळाच्या अंगणात गवताचं मोठं कडं उभं केलं होतं, दोन माणसांच्या उंचीचं, ताज्या गवताचा कडवट वास. शंभरेक माणसं रांगा धरून उभी होती. मी सगळ्यात मागे. सासूबाई आल्या नव्हत्या; गुडघे दुखतात म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. पुजारी निशिवाकी आता म्हातारे झालेत, पण आवाज तसाच. त्यांनी पांढरं कापड दोन्ही हातांत धरून फाडलं. भर अंगणात तेवढाच आवाज, चर्र करत टोकापर्यंत, पुन्हा दुसरी पट्टी, पुन्हा तिसरी, आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावरचंच काही फाटतंय असं वाटून मी कोपरं जवळ घेतली. मग खोकी पुढे आणली. गल्लोगल्लीची कागदाची माणसं, नावं, वयं, श्वास. मग निशिवाकींनी पोटातून तो ओऽऽऽ सोडला.

सगळ्यांच्या माना गेल्या. माझीही. खडे, माझे पाय. आवाज चढला, उतरला, थांबला. माना उठल्या, एकदम, गवतावरून वारा गेल्यासारख्या. आणि पुढून तिसऱ्या रांगेत एक मान उठली नाही. निळसर सदरा, मागून विरळ झालेले केस, मानेचं हाड वर आलेलं. शंभर डोकी सरळ उभी आणि ती एकटीच खाली. एक श्वास, दोन श्वास. मग त्या माणसानं हळूच मान तिरकी करून शेजारच्याचे पाय पाहिले, खांदे पाहिले, आणि उठला. देव येऊन बसल्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

रांग कड्याकडे सरकू लागली. आतून जायचं, डावीकडून वळसा घेऊन परत यायचं, पुन्हा आतून, उजवीकडून वळसा, पुन्हा आतून. पुढे गेलेली माणसं परत फिरून समोर येतात, मधल्या गवतापलीकडून त्यांचे चेहरे जातात, कुणी कुणाशी बोलत नाही. रांग मोडायची नसते. मी आत शिरले तेव्हा तो डावीकडून वळून येत होता. माझ्यापासून दोन हात. त्याचे गाल आत गेले होते, बर्फानं भाजल्यासारखे डाग होते. त्यानं मला पाहिलं. माझ्या मागची बाई चालत होती, मी चालत राहिले. दुसऱ्या वळशात तो पुन्हा समोर आला, या वेळी थोडा जवळ, आणि माझी नजर त्याच्या ओठांवर गेली कारण त्याची माझ्या ओठांवर होती. तो वाट पाहत होता, मी काही म्हणेन म्हणून. मला एकही शब्द आठवला नाही, कुठल्याच भाषेतला. तिसऱ्या वळशात समोरून कुबोताबाई आल्या, मग एक ओळखीचे गृहस्थ, मग आणखी कुणी. तो नव्हता.

तो अंगणाच्या कडेला, हात धुवायच्या टाक्याशी उभा होता. मी रांग पूर्ण केली, देवापुढे टाळ्या वाजवल्या, मग गेले. जवळ गेल्यावर तो बोलला. आवाज सपाट होता आणि फार मोठा. आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं.

"तू केस कापलेस."

मी सहा वर्षांपूर्वी कापले आहेत. मला तिथंच कळलं, की अकरा वर्षं महिन्याला एकदा माझ्या घरात येऊनही या माणसानं मला एकदाही पाहिलेलं नाही. तो माझ्या वस्तूंशी राहत होता, जशी मी त्याच्या कपड्यांशी. मी विचारलं, "का?" साधं, सावकाश, ओठ नीट हलवून. त्यानं ते वाचलं. तशाच मोठ्या आवाजात म्हणाला, "तू बोलायची थांबलीस. मला वाटलं, जे शेवटचं थोडं ऐकू येत होतं तेही गेलं." कुबोताबाई चार पावलांवर थबकल्या होत्या. त्या न हसता, न बोलता निघून गेल्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कोर्टात गेलो. तो माइझुरूहून सकाळच्या गाडीनं आला, मी स्टेशनवर उभी होते. सासूबाईंनी दोघांना डबा दिला होता, जणू शाळेत निघालो आहोत. मेलेला माणूस परत जिवंत करायला एक अर्ज लागतो. खिडकीवरचा कारकून तरुण होता, फार सभ्य. त्यानं वही उघडली, मृत्यूची तारीख पाहिली, समोरच्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा तारीख पाहिली.

"हे स्वतः इनागाकी तोमोहारू आहेत, आणि अर्ज त्यांच्या इच्छेनं आहे, असं त्यांच्याकडून यायला हवं," तो मला म्हणाला. "त्यांना ऐकू येत नसेल तर आपण लिहून विचारा. उत्तर त्यांनीच लिहायचं."

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: तुम्ही जिवंत आहात, अशी नोंद पुन्हा करायची आहे का? माझ्या शाळकरी अक्षरात. कागद तोमोहारूपुढे सरकवला. त्यानं वाचला. पेन उचललं, टोक कागदावर टेकवलं आणि थांबला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लिहू का, असं.

मागे भिंतीवरचं घड्याळ चालत होतं, कुठल्या तरी खोलीत फोन वाजत होता, त्याला यातलं काही नव्हतं. त्याला फक्त माझा चेहरा होता. एका शब्दानं तो परत येणार होता, त्याच्या कानांसकट, डागांसकट, त्या चुकीच्या सुरांसकट, दिवसाच्या दहा तासांतून बाहेर पडून माझ्या रात्रीत. आणि मी हललेच नाही तर तो पेन खाली ठेवणार होता, डबा घेऊन माइझुरूची गाडी पकडणार होता, मुकाट्यानं, कसलीही तक्रार न करता. हे दोन्ही माझ्या हातात आहे हे मला कळत होतं, आणि ते माझ्या हातात आहे हे मला आवडतंय, हेही.

"घाई नाही, बाई," कारकून म्हणाला.

मी होकारार्थी मान हलवली. तोमोहारूनं वाकून उत्तर लिहिलं. पण मला किती वेळ लागला, ते त्यानं पाहिलं होतं.